किसनरावांची ओपन सोर्स पत्रिका

"समताच्या लग्नाची पत्रिका छापखान्यात जानार नाही. मी बनवनार. घरी. कॉम्प्युटरवर!"

किसनरावांनी हे जाहीर केलं तेव्हा सिंधूताई मेथी निवडत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. या घरात घोषणा रोजच्याच होत्या. जन्मभर मलकापूरच्या एसटी स्टँडवर माईकसमोर बसून गाड्या पुकारलेला माणूस. निवृत्त होऊन धाडला गावी परत आला, पण आवाज काही स्टँडवरून उतरला नाही. 'चहा ठेव' हेसुद्धा किसनराव असं सांगत की शेजारपाजारच्यांनी पिशव्या उचलून उभं राहावं.

"ऐकून राह्यली का?"

"साऱ्या धाडनं ऐकलं," सिंधूताई म्हणाल्या. "फक्त मागच्या वेळेसारखं नोका करू म्हंजे झालं."

मागची वेळ म्हणजे मुलाच्या, प्रसेनजितच्या लग्नाची वेळ. तेव्हा पत्रिका छापायला दिली होती. छापणाऱ्याला एक ओळ लांब वाटली, म्हणून त्यानं 'आयुष्मान रंगराव व आयुष्मती जनकाबाई' यातल्या जनकाबाई उडवल्या आणि रंगराव तेवढे ठेवले. रंगराव म्हणजे मलकापूरचे भाऊजी, आणि जनकाबाई म्हणजे किसनरावांची थोरली बहीण. ती नुसती बहीण असती तरी भागलं असतं. पण आई लवकर गेली आणि किसनरावांना अंघोळ घालण्यापासून शाळेत हात धरून सोडण्यापर्यंत सगळं तिनं केलं. शर्टाची बटणं लावताना पोरगं हललं की एक चापट, आणि शाळेच्या दारात रडलं की खिशातून गुळाचा खडा, अशी ती बहीण. तिनं पत्रिका वाचली, नीट घडी घातली आणि म्हणाली, "बरं झालं बापा, मले समजलं मी कोन हाये ते." त्या लग्नाला रंगराव एकटे आले, एकटे जेवले आणि एकटेच गेले. तेव्हापासून जनकाबाईंनी धाडची वेस ओलांडली नव्हती. फोन केला की त्या फोन रंगरावांकडे देत, आणि रंगराव हा मूळचाच न बोलणारा माणूस.

आता समताचं ठरलं होतं, शेगावच्या अश्वजितशी. समताचं कॉलेजचं सगळं शिक्षण मलकापूरला या आत्याकडे राहून झालेलं. तिनं बापाला समोर बसवून सांगितलं, "बाबा, मांडव साधा असला तं चालन. जेवनात गोड नसलं तरी चालन. पन आत्या आली नाही तं मी हार घालनार नाही. अश्वजितले सांगून ठेवलं हाये."

"मंग तो काय म्हने?"

"बरं म्हने."

जावई गरीब स्वभावाचा निघाला याचा किसनरावांना एरवी आनंद झाला असता. आता मात्र झाला नाही. सगळं येऊन अडलं होतं पत्रिकेवर. म्हणून ती घोषणा.

समता बुलढाण्याच्या एका कॉलेजात ग्रंथालय सांभाळायची. तिथलं सगळं काम ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर चाले. तिनंच घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर बापाला एकेक चीज बसवून दिली. तक्ते-हिशेबाला लिबरऑफिस, चित्राला इंकस्केप, फोटोला गिंप, आवाजाला ऑडॅसिटी.

"हे फुकट काऊन देतात?" किसनरावांना शंका आली. "मांगून पोलीस तं नाही येनार?"

"नाही बाबा. याचं सारं काम उघडं रायते. कोनीबी आत डोकावून पाहावं. चूक सापडली तं दुरुस्त करावं अन् दुसऱ्याले द्यावं. परवानगी मागाची गरज नाही."

"मंग मालक कोन?"

"सगळे."

"सगळे मालक? अरे बापा! मंग तं रोज भांडनं होत असतीन."

"होतात ना. पन ज्याले पटलं नाही तो आपली येगळी प्रत काढते अन् आपल्या वाटेनं जाते."

हे किसनरावांना फार आवडलं. एसटीत अशी सोय असती तर किती युनियन वाचल्या असत्या, असं ते म्हणाले आणि कामाला लागले.

आणि खोटं कशाला बोला, हात चांगला बसला त्यांचा! इंकस्केपमध्ये त्यांनी पिंपळाचं पान काढलं. पहिलं पान पळसाचं वाटत होतं, दुसरं पानपट्टीचं, पण तिसरं असं उतरलं की सिंधूताईंनी पीठ मळता मळता येऊन पाहिलं. समता आणि अश्वजितचा फोटो गिंपमध्ये घेऊन मागचा विजेचा खांब पुसला. खांबाबरोबर अश्वजितचा उजवा कान गेला, तेव्हा डावा कान उचलून, उलटा फिरवून उजवीकडे लावला. "पाय, आता दोनी कान सारखे झाले," असं त्यांनी समताला दाखवलं. ऑडॅसिटीवर स्वतःच्या आवाजात निमंत्रण रेकॉर्ड केलं आणि मधली कुकरची शिट्टी कापून टाकली. सुरुवात मात्र सवयीनं 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' अशी झाली होती, तीही कापावी लागली. शेजारचे महादेवराव रोज संध्याकाळी मळ्यातून भाजी आणून ओट्यावर टेकत आणि हे सगळं पाहत. किसनरावांनी त्यांनाही बाजारात लावायला वांग्याचं चित्र असलेला रंगीत फलक करून दिला.

पत्रिकेच्या अगदी खाली 'किलबिल' होती. 'आमच्या आत्याच्या लग्नाले येजा बरं!' असं लिहून लहान पोरांची नावं द्यायची, ही रीत. तिथं किसनरावांनी एक चिमणी काढली आणि नातवंडांची नावं टाकली. तारीख, वेळ, जागा आणि वधूवरांची नावं एका वेगळ्या थरावर ठेवून त्या थराला कुलूप लावलं. इंकस्केपमध्ये तसं कुलूप लावता येतं, हे कळल्यावर ते दिवसभर खुश होते.

आता उरली निमंत्रकांची नावं, म्हणजे खरी लढाई. कोणाचं नाव वर आणि कोणाचं खाली, यावरून बुलढाणा जिल्ह्यात जेवढे लोक रुसले असतील तेवढे मंत्रिपदावरून मुंबईत रुसले नसतील. धाकटा भाऊ देवानंद म्हणणार, मी सख्खा. महादेवराव बोलणार नाहीत, पण भाजी आणणं बंद करतील. आणि जनकाबाई? त्यांच्या बाबतीत तर चुकून चालणारच नव्हतं.

किसनरावांना तोडगा सुचला. लिबरऑफिसच्या तक्त्यात त्यांनी दोन रकाने केले. डावीकडे आयुष्मान, उजवीकडे आयुष्मती. नावं आठवतील तशी लिहिली. महादेवराव समोर ओट्यावरच बसले होते म्हणून पहिली ओळ महादेवराव आणि रुक्मिणीबाईंची. दुसऱ्या ओळीत गल्लीतल्या म्हाताऱ्या सत्यभामाबाई, त्यांचे मालक कधीच वारले, म्हणून डावा रकाना रिकामा. तिसरी ओळ रंगराव आणि जनकाबाईंची. चौथी देवानंद आणि महामायाची. पाचवी महादेवरावांच्या प्रज्वलची, त्याचं लग्न व्हायचंय, म्हणून उजवा रकाना रिकामा.

"आता हे अआइई परमानं लावतो," ते सिंधूताईंना म्हणाले. "कोनी इचारलं तं सांगाचं, क्रम मी नाही लावला, कॉम्प्युटरनं लावला. कॉम्प्युटरले ना बहीन, ना भाऊ."

त्यांनी डावा रकाना निवडला आणि हुकूम सोडला. कॉम्प्युटरनं मराठीत, अगदी अदबीनं विचारलं की शेजारच्या रकान्यातही मजकूर आहे, तोही सोबत हलवायचा का?

"शेजारच्याचं तुले काय करा लागते?" किसनराव त्याच्यावर गरजले. "सांगतलं तेवढं कर!"

कॉम्प्युटरनं सांगितलं तेवढं केलं. आयुष्मान सगळे अकारविल्हे हलले. आयुष्मती जिथल्या तिथं बसून राहिल्या. वर गंमत अशी की सत्यभामाबाईंचा रिकामा रकाना तळाशी गेला, तळाला प्रज्वलचा उजवा रकाना रिकामाच होता, आणि एक अख्खी ओळ कोरी पडली. पाच ओळींच्या चार झाल्या. किसनराव खुर्चीत टेकून हसले. छापखान्यातल्याला ओळ लांब होत होती, आपण तर जागा वाचवून दाखवली! मग त्यांनी डेपोतल्या गाड्या तपासाव्यात तशी नावं तपासली. डाव्या फलाटावर सगळे हजर. उजव्या फलाटावर सगळ्या हजर. जनकाबाई ठळक अक्षरात हजर. कोण कोणाच्या शेजारी उभं आहे, हे मात्र त्यांनी पाहिलं नाही. गाड्यांच्या बाबतीत ते कधी पाहावं लागलं नव्हतं.

"बाबा, पाठवाच्या आंधी मले दाखवजा," असं समता सकाळी बजावून गेली होती.

"जिंदगीत एक गाडी चुकीच्या फलाटाले लागली नाही माही," असं म्हणून त्यांनी पत्रिका 'धाड परिवार' या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवली. पाठोपाठ मलकापूरच्या ग्रुपवर, शेगावच्या व्याह्यांना, आणि सेवानिवृत्त एसटी कर्मचाऱ्यांना. मग ते समाधानानं आडवे झाले.

जाग आली ती देवानंदच्या फोननं.

"दादा, माहं काय चुकलं? सांग ना. मोठा भाऊ हायेस, चार थापडा मार, पन असं नोको करू."

"काय झालं?"

"महामाया माहेरी जाऊन राह्यली. म्हनते, तुमी रुक्मिनीबाईसंगं संसार करा, मी मलकापूरले रंगरावभाऊजीच्या घरी जातो. पत्रिकेत तसंच छापलं हाये म्हने!"

किसनरावांनी चष्मा शोधला आणि स्वतःची पत्रिका पहिल्यांदाच आडवी वाचली. देवानंद व रुक्मिणीबाई. प्रज्वल व सत्यभामाबाई. महादेवराव व जनकाबाई. रंगराव व महामाया. वर पिंपळाचं पान, खाली चिमणी, मध्ये सगळ्या गावाचे संसार उलटेपालटे.

तेवढ्यात महादेवराव आले. आज हातात भाजी नव्हती.

"किसनराव, मी आठवडी बाजारातून उठून आलो. काऊन उठलो ते इचारा."

"काऊन?"

"जो तो येते अन् वांग्याचा भाव इचाराच्या आंधी जनकाबाईची तब्येत इचारते! अन् घरी रुक्मिनी हसून राह्यली. भाकरी थापत नाही, नुसती हसून राह्यली. म्हनते, देवानंद तुमच्यापरीस तरना हाये, मले काई तकरार नाही!"

त्यांच्या मागून प्रज्वल आला. तो हसत नव्हता. शेगावची अनुपमा नावाची मुलगी त्याला सांगून आली होती, पाहणी झाली होती, सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. आणि समताच्या सासरच्यांनी पत्रिका सगळ्या शेगावात फिरवली होती.

"काका, अनुपमाच्या बापाचा फोन आल्ता. म्हनते, पोराचं पयलं लगन झालेलं हाये हे आमाले काऊन नाही सांगतलं? सत्यभामा कोन हाये?"

"मंग तू सांगाचं ना, म्हातारी हाये म्हनून!"

"सांगतलं. त्याले वाटलं मी तिची नालस्ती करून राह्यलो!"

सत्यभामाबाई स्वतः काठी टेकत आल्या आणि ओट्यावर बसल्या. बाईंनी प्रज्वलकडे खालून वर पाहिलं.

"पोरगा बरा हाये," त्या म्हणाल्या. "पन मले नोको बापा. एक डाव झालं तेवढं बस झालं. त्याचे कपडे कोन धुईन?"

सिंधूताई पदरात तोंड लपवून आत पळाल्या. किसनराव मात्र हसले नाहीत. ते मोबाइलकडे पाहत होते. मलकापूरहून फोन आला होता. रंगरावांचा. जो माणूस स्वतःच्या लग्नात दोनदा बोलला असेल, त्यानं आपणहून फोन केला होता.

"किसन," रंगराव सावकाश म्हणाले, "महामायानं होकार देल्ला का?"

"भाऊजी, चुकलो मी. पाया पडतो. आमची बाई काय म्हनून राह्यली?"

"काई नाही."

"काईच नाही?"

"पत्रिका पाह्यली. मोबाइल फडताळात ठेवला. फडताळाले कडी लावली."

आणि फोन बंद झाला. किसनराव ओट्यावर टेकले. तिनं शिव्या दिल्या असत्या, चापट मारायला जीप करून धाडला आली असती, तर जीव भांड्यात पडला असता. कडी लावली म्हणजे संपलं. समता संध्याकाळी कॉलेजातून आली, तिनं पत्रिका पाहिली, बापाचा चेहरा पाहिला, आणि रागवायची सोडून त्याच्याशेजारी बसली. हे तर रागवण्यापेक्षा वाईट होतं.

"कॉम्प्युटरनं इचारलं होतं ना, बाबा?"

"इचारलं होतं," किसनराव खाली मान घालून म्हणाले. "लय नम्रपने इचारलं होतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जोड्या नीट लावल्या आणि पत्रिका पुन्हा पाठवली. पहिल्यांदा जनकाबाई, मग बाकीचे. झालं! काल जे बायकोसाठी भांडत होते ते आज जागेसाठी भांडायला लागले. देवानंद म्हणाला, मी सख्खा भाऊ असून शेजाऱ्यांना चिकटवून टाकलं. महादेवरावांनी निरोप पाठवला की आमचं नाव शेवटच्या एसटीसारखं सगळ्यांत खाली आहे, हरकत नाही, आम्ही पायी येऊ. महामाया माहेरी गेली नव्हती, पण तिचं म्हणणं पडलं की तिच्या भावांची नावं कुठं आहेत. क्रम बदलून तिसरी पत्रिका पाठवली, तेव्हा पहिले खुश झालेले रुसले. चौथीच्या वेळी प्रज्वलनं कळवलं की त्याच्या नावापुढं कंसात 'अविवाहित' असं ठळक लिहावं, आणि अनुपमाच्या वडिलांना एक प्रत वेगळी पाठवावी.

चौथ्या पत्रिकेनंतर किसनरावांचं डोकं फिरलं. ते ताडकन उठले, माईकसमोर बसल्यासारखे मोबाइलसमोर बसले आणि 'धाड परिवार'वर आवाजी संदेश सोडला. तो न वाजवताही अर्ध्या गावाला ऐकू आला.

"लक्ष द्या! समताच्या लग्नाची मूळ पत्रिका मी अथी टाकून राह्यलो. नुसतं चित्र नाही, सारी उघडी फाइल. सॉफ्टवेअर फुकट हाये, कोनाच्या बापाची परवानगी लागत नाही, आपापल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. जे चुकलं असन ते ज्यानं त्यानं नीट करा. कोनाले वर बसाचं असन तं वर बसा, फुलं लावाची असतीन तं फुलं लावा. हे ओपन सोर्स हाये. सगळे मालक! फक्त तारीख, वेळ अन् जागेले कुलूप हाये. त्याले हात लावला तं गाठ माह्याशी हाये!"

"बाबा!" समता ओरडली. पण फाइल गेली होती.

त्या दिवसापासून धाडमध्ये इंकस्केप उतरवायची जी लाट आली, ती पाहून इंटरनेट कॅफेवाला चक्रावला. देवानंदनं स्वतःची पत्रिका काढली. वर देवानंद, खाली महामाया, आणि त्याखाली महामायाचं अख्खं माहेर, चुलत भावांसकट. महादेवरावांनी प्रज्वलकडून करून घेतली. तिच्यात पिंपळाच्या पानाच्या दोन्ही बाजूंना मळ्यातली वांगी झळकली, आणि खाली 'अविवाहित' हा शब्द चौकटीत आला. सत्यभामाबाईंनी आपली वेगळी काढायला लावली. "माह्या नावाच्या शेजारी जागा सोडजो," त्या प्रज्वलला म्हणाल्या, "पन कोनाले बसवजो नोको." ज्यानं त्यानं आपली पत्रिका आपल्या माणसांत वाटली, आणि वाटताना छाती फुगवून सांगितलं की निमंत्रक मी आहे.

शेगावच्या व्याह्यांचा घाबरा फोन आला. "किसनराव, आमाले पाच पत्रिका आल्या. खरी कोनती?"

"तारीख सगळ्यांत एकच हाये ना?" किसनरावांचा आवाज आता परत स्टँडवर पोचला होता.

"हाये."

"जागा? पोरीचं नाव? पोराचं नाव?"

"तेबी एकच हाये."

"मंग साऱ्या खऱ्या. या बिनघोर."

फक्त मलकापूरहून काही आलं नाही. पत्रिका नाही, फोन नाही, रंगरावांचं एखादं अर्धं वाक्यही नाही. समता ग्रुप उघडून पाहायची आणि बंद करायची. किसनराव तिच्यासमोर मोठमोठ्यानं बोलत, तुही आत्या येईन पाय, येईन, आणि आत जाऊन सिंधूताईंना हळूच विचारत, "येईन का वो?" त्या माणसाला हळू बोलता येतं, हे सिंधूताईंना लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कळलं.

लग्नाचा दिवस उजाडला, आणि एक अजब झालं. दरवेळी मांडवाच्या दारात यजमान एकटा उभा राहतो आणि बाकीचे खुर्च्यांवर बसून पाणी कुठं आहे असं विचारतात. आज दारात रांग होती. ज्याच्या पत्रिकेवर तो पहिला निमंत्रक, तो दारात! देवानंद पाहुण्यांच्या चपला नीट लावत होता. महामाया माहेरच्या फौजेला घेऊन पाणी वाटत होती. महादेवरावांनी वांग्याच्या भाजीचा ताबा घेतला आणि आचाऱ्याला बाजूला बसवलं. रुसायला कोणी मोकळाच नव्हता, कारण घरचं कार्य असल्यावर माणूस रुसणार कोणावर? अनुपमा वडिलांना घेऊन सत्यभामाबाईंना पाहायला खास आली. तिनं बाईंना पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि हसू दाबत वाकून नमस्कार केला. "घेऊन जाय त्याले," बाई म्हणाल्या. "मी सोडला."

वधूवर मंचावर आले. हार तयार होते. समतानं आपला हार हातात घेतला आणि दाराकडे पाहत उभी राहिली. अश्वजितही पाहत उभा राहिला. त्याला सांगून ठेवलेलंच होतं. मांडवात कुजबुज सुरू झाली. किसनरावांनी माईक हातात घेतला. साऱ्या आयुष्यात उशिरा येणाऱ्या गाडीबद्दल त्यांनी लोकांना धीर दिला होता. आज गाडी येणार की नाही, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

आणि दारात जीप थांबली. एक नाही, तीन जीपा. पहिलीतून जनकाबाई उतरल्या. लग्नासाठी काढलेलं पांढरंशुभ्र लुगडं, हातात पिशवी, चेहरा कडक. मागून रंगराव आणि मागून अर्धं मलकापूर.

किसनराव माईक हातात घेऊनच धावले. "बाई! बाई, माही चुकी झाली. मागच्या वेळेबी अन् या वेळेबी..." हे सगळं लाउडस्पीकरवरून साऱ्या धाडनं ऐकलं.

"कायची चुकी?" जनकाबाई म्हणाल्या. "मागच्या टायमाले पत्रिकेत नवरा होता, मी नव्हती. या टायमाले मी होती, नवरा बदलला. सुधारून राह्यला तू."

"मंग फडताळाले कडी काऊन लावली?"

"हसू आवरत नव्हतं. तुह्या भाऊजीसमोर कशी हसू? त्याईले महामायाची आस लागली होती." रंगरावांनी खाली पाहिलं. "मंग तुही ती उघडी फाइल आली. यायनं कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बसून सारं शिकून घेतलं. बोलत नाही, पन करते मानूस. मी सांगत गेली, हे लावत गेले. छापून आनली. मी पाहुनी नाही आली, किसना. मी निमंत्रक हाये."

त्यांनी पिशवीतून छापील पत्रिका काढली आणि भावाच्या हातात दिली. किसनरावांनी आता शहाणपणानं आधी आडवी वाचली. सगळ्यांत वर जनकाबाई व रंगराव. मग देवानंद व महामाया. महादेवराव व रुक्मिणीबाई. सत्यभामाबाई, मानानं एकट्या. एकूण एक जोडी बरोबर. मग त्यांनी उभी वाचली. 'विनीत' या शब्दापुढं सिंधूताईंचं नाव होतं. आणि तिथंच संपलं होतं.

"बाई," त्यांनी पत्रिका उलटून पाहिली, "माहं नाव नाही?"

"हाये ना. नीट पाय. खाली."

किसनरावांनी चष्मा सारखा केला. पार खाली, त्यांनी स्वतः काढलेल्या चिमणीजवळ, 'आमच्या आत्याच्या लग्नाले येजा बरं!' या ओळीखाली, नातवंडांच्या नावांच्याही आधी लिहिलं होतं, चि. किसन.

ते वाचत राहिले. मांडवात कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले, मंचावर समता हसता हसता डोळे पुसायला लागली, आणि तेवढ्यात तिनं हार घातला. अश्वजितनं घाईनं आपला घातला, पुन्हा कोणाची वाट पाहायला लागू नये म्हणून. किसनरावांना धड हसताही येईना आणि रडताही येईना. माईक चालूच होता, त्यामुळे नाक ओढल्याचा आवाज मात्र वेशीपर्यंत गेला.

"आता उभा काऊन?" जनकाबाईंनी त्यांच्या हातातला माईक काढून रंगरावांकडे दिला. मग भावाच्या सदऱ्याचं वरचं सुटलेलं बटण लावलं आणि तो हलला म्हणून एक चापट मारली. "किलबिलीची पंगत पयले बसते. चाल."

आणि लग्नघरचा यजमान, वधूचा बाप, मलकापूर स्टँडचा आवाज, नातवंडांच्या रांगेत मांडी घालून बसला. वाढायला जनकाबाई होत्या. त्यांनी त्याच्या पानात सगळ्यांत आधी गुळाचा खडा ठेवला.